मे महिन्यातली तटस्थता

जर्मन संसदेवर, बुंडेस्टागवर, इंद्रधनुषी ध्वज प्रथम फडकला २०२२ साली, लैंगिक अल्पसंख्याकांच्या बर्लिनमधील जुलैच्या मोर्च्यादिवशी. २०२५ मध्ये अध्यक्षा युलिया क्लोक्नर यांनी मोर्च्यादिवशी तो नाकारला : १७ मे या समलिंगीद्वेषविरोधी दिनी लागतो, तेवढे पुरे, संसदेने तटस्थ राहावे. चान्सेलर मेर्झ म्हणाले, संसद काही सर्कशीचा तंबू नव्हे. (अपमानही तटस्थ असतो म्हणायचा!)

कुणाकुणाचे ध्वज लावणार, हा प्रश्न मी उडवून लावत नाही. पण मेमध्ये निष्पक्ष असलेले कापड जुलैत पक्षीय कसे होते? मेमध्ये ते सभागृहाचे औदार्य असते. जुलैत माणसे स्वतः रस्त्यावर आलेली असतात. समलिंगी पुरुषांना तुरुंगात घालणारे कलम १७५ पुरते गेले ते १९९४ साली. ते राखताना ही संसद कुणाच्या बाजूला होती, ते तिने आधी सांगावे.