बालशिक्षण-धोरणातील भाषाविचार : एक तौलनिक परीक्षण

१

स्वदेशातील व परदेशातील बालशिक्षण-धोरणांची तुलना हा आपल्याकडील पदव्युत्तर प्रबंधांचा एक आवडता विषय होऊन बसला आहे. या प्रबंधांची घडण बहुधा ठरलेली असते. एका स्तंभात फ्रान्स, फिनलंड किंवा न्यूझीलंड आणि दुसऱ्या स्तंभात भारत. प्रवेशाचे वय, शासनाचा खर्च, शिक्षिकांची पात्रता यांची आडवी मांडणी. आणि अखेरीस आपण मागे आहोत, हा निष्कर्ष. ही माहिती निरुपयोगी आहे असे नव्हे. फ्रान्सने २०१९ पासून तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण सक्तीचे केले. उलट आपल्या संविधानाचा ४५ वा अनुच्छेद, २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनंतर, सहा वर्षांखालील मुलांसाठी राज्याने प्रयत्नशील असावे एवढेच सांगतो. हा भेद जाणून घेण्याजोगा आहेच. परंतु धोरण हे अखेर वाक्यांचे बनलेले असते, आणि वाक्याचा सारा अर्थ तक्त्यात उतरत नाही. वाक्याला कर्ता असतो, किंवा तो लपविलेला असतो. क्रियेला अट जोडलेली असते, किंवा नसते. धोरणाचे खरे मर्म बहुधा या ठिकाणीच सापडते.

प्रस्तुत परीक्षण एकाच प्रश्नापुरते मर्यादित ठेवले आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या भाषेविषयी धोरण काय म्हणते, आणि ते जे म्हणते ते करावयाचे कोणी? या प्रश्नाच्या कसोटीवर आपले २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि न्यूझीलंडमधील माओरी भाषेचा प्रयोग ही दोन उदाहरणे येथे घासून पाहावयाची आहेत. त्या दोहोंच्या मध्ये बोर्डी आणि कोसबाड येथील कार्याचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. कारण आपल्या धोरणाने ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथूनच उचलला आहे.

२

२०२० च्या धोरणाचे पहिलेच प्रकरण बालसंगोपन व बालशिक्षण यांस वाहिलेले आहे. मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास सहाव्या वर्षाच्या आत होतो, या विधानाने त्याचा पाया घातला आहे, आणि तीन ते आठ ही पाच वर्षे ‘पायाभूत स्तर’ म्हणून एकत्र गुंफली आहेत. ही रचना स्वागतार्ह आहे, यात संशय नाही. परंतु या वयातील मुलाचे सर्वांत मोठे बौद्धिक कार्य कोणते, असे भाषाभ्यासकास विचारल्यास तो एकच उत्तर देईल : भाषेचे संपादन. पाचव्या वर्षापर्यंत मूल आपल्या भाषेची ध्वनिव्यवस्था आणि वाक्यरचनेचा बहुतेक भाग कोणीही न शिकविता आत्मसात करते. असे असता त्याच्या घरच्या भाषेचा विचार या पहिल्या प्रकरणात नसून, अभ्यासक्रमाविषयीच्या चौथ्या प्रकरणात माध्यमाचा प्रश्न म्हणून आला आहे. भाषा ही मुलाची संपादित शक्ती न राहता शाळेने निवडावयाची एक सोय झाली.

त्या चौथ्या प्रकरणातील व्यवस्था अशी की, किमान पाचवीपर्यंत माध्यम मुलाची घरची भाषा, मातृभाषा, स्थानिक भाषा किंवा प्रादेशिक भाषा असावे. आणि तेही जेथे शक्य असेल तेथे. या चार संज्ञा तिरप्या रेघांनी जोडून जणू परस्परांचे पर्याय म्हणून दिल्या आहेत. वस्तुतः त्या पर्याय नव्हेत. डहाणू तालुक्यातील वारली पाड्यावरचे मूल घेऊ. त्याची घरची भाषा वारली. वारलीस कोणी मराठीची बोली मानतात, तर जनगणनेने तिला भिलीच्या गटात घातले आहे. त्या मुलाची प्रादेशिक भाषा प्रमाण मराठी. शाळेत प्रमाण मराठीतून शिकविले, म्हणजे चारांपैकी एका संज्ञेची पूर्तता झाली आणि धोरणही पाळले गेले. मुलाला मात्र शाळेच्या पहिल्या दिवशी परकी भाषा भेटली. मराठीचीच बोली बोलणाऱ्या मुलाचीही स्थिती फारशी निराळी नाही. वऱ्हाड-खानदेशाकडील अनेक बोलींत ‘पाणी’चे ‘पानी’ होते. तो उच्चारदोष नसून त्या बोलीचा नियम आहे. परंतु वर्गात त्याची गणना चुकीतच होते.

तिरप्या रेघेने जे केले तेच ‘जेथे शक्य असेल तेथे’ या अटीनेही केले आहे. शक्य आहे की नाही हे ठरवावयाचे कोणी, आणि नसेल तर शक्य करावयाचे कोणी, हे वाक्य सांगत नाही. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने या बाबतीत पुष्कळ प्रगती केली आहे, हे मान्य केले पाहिजे. घरच्या भाषेत संकल्पना लवकर व खोलवर रुजतात हे तो स्पष्टपणे मांडतो, आणि मौखिक भाषेला तिचे स्थान देतो. तथापि, तेथेही घरची भाषा हे इष्टतम माध्यम आहे. जे इष्टतम असते त्याचा आदर होतो. अंमल होईलच असे नाही.

३

या पार्श्वभूमीवर ताराबाई मोडक यांच्या कार्याकडे पाहावे. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना, १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचा आरंभ, आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर स्थलांतर, हा क्रम सर्वपरिचित आहे. अनुताई वाघ या कार्यात त्यांच्या सहकारी होत्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने बाजूस सारून खडे, शिंपले, पाने, बिया यांतून साधने घडविली, याची नोंद बहुतेक अभ्यासक घेतात. भाषेच्या दृष्टीने मात्र त्याहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. जी मुले बालवाडीत येत नव्हती त्यांच्या वस्तीतील अंगणात बालवाडीच गेली. आणि जी मुले गुरांमागे रानात जात त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली.

संस्थांची नावे हीदेखील एक प्रकारची धोरणेच असतात. फ्रबेलने १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’ हा शब्द दिला. त्यात मूल हे रोपटे आहे आणि शिक्षिका माळीण. ‘अंगणवाडी’ या शब्दात मुलाला उपमा नाही, त्यात केवळ स्थान सांगितले आहे. आणि ते स्थान शाळेचे नसून घराचे आहे. अंगणात बसलेल्या मुलाच्या भोवती त्याची आई, आजी, शेजारीण यांचे बोलणे चालू असते. शिक्षिका तेथे पाहुणी असते. भाषेच्या बाबतीत जुळवून घेण्याचे ओझे पाहुणीवर पडते, मुलावर पडत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांतून सुरू झाली, तेव्हा शासनाने हा शब्द स्वीकारला. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, पोषण व आरोग्यशिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा तिच्याकडे आल्या. कुपोषणाने ग्रासलेल्या देशात आहाराला अग्रक्रम मिळाला, याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु नाव अंगणाचे राहिले आणि व्यवस्था कार्यालयाची झाली, हेही नाकारता येणार नाही.

४

न्यूझीलंडमधील प्रयोग याच्या उलट दिशेने निघाला. माओरी बोलणारी मुले झपाट्याने कमी होत आहेत, हे १९७० नंतरच्या दशकातील पाहण्यांनी दाखवून दिले होते. भाषा वृद्धांच्या तोंडी होती. मधली पिढी इंग्रजीकडे वळली होती. तेव्हा वृद्धांनी नातवंडांच्या वयाच्या मुलांशी दिवसभर माओरीतूनच बोलावे, असा मार्ग निघाला, आणि १९८२ मध्ये वेलिंग्टननजीक वाइनुइओमाटा येथे पहिले ‘कोहांगा रेओ’ सुरू झाले. या शब्दाचा अर्थ ‘भाषेचे घरटे’. चालविणारे पालक व आप्तगण, शिकविणारे वृद्ध. आणि वृद्धांची पात्रता एकच, ती म्हणजे भाषा. १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत अशा घरट्यांची संख्या आठशेच्या वर गेली. हवाई बेटांत १९८४ मध्ये आणि फिनलंडमधील इनारी सामी भाषेसाठी १९९७ मध्ये हीच कल्पना उचलली गेली. फिनलंडचा स्तंभ आपल्या प्रबंधांत नेहमी असतो. त्यात हे घरटे मात्र सहसा आढळत नाही.

१९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘ते फारिकी’ हा तेथील बालशिक्षणाचा अभ्यासक्रम भाषाभ्यासकांनी अवश्य पाहावा असा आहे. फारिकी म्हणजे विणलेली चटई. त्यात पाच धागे सांगितले आहेत, आणि प्रत्येकाला माओरी व इंग्रजी अशी दोन नावे आहेत. परंतु एक नाव दुसऱ्याचा अनुवाद नाही. इंग्रजीत ज्याला ‘संप्रेषण’ म्हटले आहे त्याला माओरीत ‘माना रेओ’, म्हणजे भाषेची प्रतिष्ठा, भाषेचा अधिकार, असे म्हटले आहे. एका शब्दात भाषा हे साधन आहे, दुसऱ्यात ती सत्ता आहे. दोन्ही दृष्टी एकाच दस्तऐवजात, एकीने दुसरीला गिळू न देता, शेजारी शेजारी नांदतात. आपल्या राष्ट्रीय धोरणाची मराठी प्रत उपलब्ध आहे. परंतु तो इंग्रजी मजकुराचा अनुवाद आहे, मराठीत झालेला विचार नव्हे.

येथवर वाचून कोणी न्यूझीलंडचा स्तंभ आदर्श म्हणून रंगविल, तर ते चूक ठरेल. १९९० मध्ये कोहांगा रेओंचा कारभार माओरी व्यवहार विभागाकडून शिक्षण मंत्रालयाकडे गेला. परवाना, इमारतीचे निकष, पदविकाधारक शिक्षक, आणि त्यांवर बेतलेले अनुदान अशी सर्वसाधारण बालशिक्षणाची चौकट त्यांनाही लागू झाली. संख्या घटत गेली. वायटांगी न्यायाधिकरणाने २०१२ च्या अहवालात या बाबतीत शासनावर स्पष्ट ठपका ठेवला : भाषासंवर्धनाची संस्था आणि सामान्य बालशाळा यांतील भेद न ओळखता दोहोंना एकच माप लावले गेले. हेतू दुष्ट नव्हता. मुलांना चांगले शिक्षण मिळावे असाच होता. परंतु गुणवत्तेच्या व्याख्येतून भाषा गळाली, आणि ज्या आजीमुळे घरटे उभे राहिले तीच अपात्र ठरू लागली.

५

न्यूझीलंडचा हा अनुभव आपल्याला कसा लागू पडतो? आपल्याकडे सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. सेविका शक्यतो त्याच गावची असावी, हे तत्त्व योजनेत आरंभापासून आहे. म्हणजे मुलाची भाषा जाणणारी व्यक्ती आपल्या व्यवस्थेत आधीच हजर आहे. जे घरटे माओरींना नव्याने बांधावे लागले त्याचा सांगाडा आपल्याकडे अर्धशतक उभा आहे. परंतु २०२० चे धोरण या सेविकेकडे पाहते ते उणिवेच्या दृष्टीने. बारावी झालेल्या सेविकेस सहा महिन्यांचे प्रमाणपत्र, त्याहून कमी शिकलेलीस एक वर्षाची पदविका, आणि तीही दूरस्थ पद्धतीने, दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनीच्या साहाय्याने. प्रशिक्षण हवेच. परंतु सेविकेला येणारी वारली, गोंडी किंवा कोरकू ही तिची पात्रता म्हणून या योजनेत कोठेच मोजली जात नाही. न्यूझीलंडची चूक तेथे आठ वर्षांनी झाली. आपण ती आरंभीच करीत आहोत.

महाराष्ट्रातील अलीकडील वाद याच दृष्टीने बोलका आहे. १६ एप्रिल २०२५ च्या शासननिर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. १७ जून रोजी ‘अनिवार्य’ जाऊन ‘सर्वसाधारणपणे’ आले. आणि २९ जून रोजी दोन्ही निर्णय रद्द होऊन समिती नेमली गेली. सहा वर्षांच्या मुलावर तिसऱ्या भाषेचा भार नको, ही भूमिका योग्यच होती. पण ज्या मुलांना मराठी हीच दुसरी भाषा आहे त्यांच्या पहिल्या भाषेचे काय, हा प्रश्न त्या कोलाहलात फारसा पुढे आला नाही.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. पालकांनाच घरची भाषा नको, त्यांना इंग्रजी हवी. गोव्यात मराठी व कोकणी माध्यमांपुरते असलेले प्राथमिक शाळांचे अनुदान २०११ मध्ये इंग्रजी माध्यमास खुले झाले, ते पालकांच्या मागणीमुळेच. हा आक्षेप गंभीर आहे, आणि पालकांना अज्ञ ठरवून तो टाळता येणार नाही. परंतु त्यातून घरची भाषा निरुपयोगी ठरत नाही. सिद्ध होते ते एवढेच की, जिला शाळेने प्रतिष्ठा दिली नाही तिला पालकही देत नाहीत. पहिल्या भाषेत घडलेली समज दुसऱ्या भाषेच्या कामी येते, हे कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेले तत्त्व आपल्या धोरणकर्त्यांना अपरिचित नाही. ते पालकांपर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही. येथेही वाक्याला कर्ता नाही.

यास्तव, परदेशी धोरणे अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यांनी तक्ता भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. धोरणात उल्लेखिलेली भाषा नेमकी कोणाची? ती टिकविण्याचे काम कोणावर सोपविले आहे? आणि त्या व्यक्तीचे भाषाज्ञान ही तिची पात्रता मानली आहे की नाही? न्यूझीलंडचे उत्तर प्रथम ठाम होते, पुढे डळमळले. बोर्डीचे उत्तर एका शब्दात साठविलेले आहे. आपल्या विद्यमान धोरणाचे उत्तर अद्याप तिरप्या रेघांच्या मध्ये अडकले आहे. ते मोकळे करण्यासाठी नवीन आयोगाची गरज नाही. सेविकेच्या निवडीच्या व मानधनाच्या नियमांत मुलांच्या घरच्या भाषेच्या ज्ञानाला गुण देणारे एक वाक्य घातले, आणि त्या वाक्याला स्पष्ट कर्ता दिला, तरी कार्यारंभ होण्यासारखा आहे.