'बनगरवाडी'तील शाळा आणि पटाचा प्रश्न

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चा (१९५५) विचार आपल्याकडे बहुधा प्रादेशिक कादंबरी म्हणून झाला. माणदेशाचा उजाड माळ, धनगरांचे जीवन, कारभाऱ्याचे व्यक्तिचित्र यांवर पुष्कळ लिहिले गेले. परंतु ज्या एकशिक्षकी शाळेच्या निमित्ताने निवेदक वाडीत पाऊल टाकतो, ती मात्र पार्श्वभूमी म्हणूनच गणली गेली. वस्तुतः ग्रामीण प्राथमिक शाळेच्या इतिहासाच्या अभ्यासकाला या कृतीत जे मिळते, ते खात्याच्या अहवालांत मिळणे कठीण.

औंध संस्थानचा हा मास्तर येतो तेव्हा शाळा आहे, मुले नाहीत. ती मेंढरांमागे आहेत. कारभाऱ्याच्या शब्दाखातर ती येऊ लागतात, म्हणजे पट भरतो तो वाडीच्या विश्वासावर. यापुढे लेखकाने केलेली निवड लक्षणीय आहे. अध्यापनाचे प्रसंग तो फारसे रंगवीत नाही. मास्तर दिसतो तो लोकांची अडलेली कामे करताना, तालमीची इमारत उभी करण्याच्या खटपटीत. (तालीमच का, हा प्रश्न सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते भवानराव पंतप्रतिनिधी ज्यांना ठाऊक आहेत त्यांना पडणार नाही.) वर्गातील मुले मोठ्या माणसांइतकी ठसठशीत होत नाहीत, ही उणीव मान्य केलीच पाहिजे. तथापि त्या निवडीमुळेच छोट्या शाळेचे वाडीतील खरे स्थान उघड होते. त्या मुलखात सरकार ज्या एका माणसाच्या रूपाने वस्तीला येते, तो माणूस शिक्षक असतो.

शेवटी अवर्षण येते. बिऱ्हाडे जगावयास बाहेर पडतात, वाडी ओस पडते आणि मास्तरही निघतो. येथे शाळा संपते ती वाडी संपल्यावर. महाराष्ट्र शासनाने २०१७ च्या डिसेंबरात १० पर्यंत पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा जवळच्या शाळांत सामावून घेण्याचे ठरविले, आणि २०२३ साली २० पर्यंत पट असलेल्या शाळांसाठी 'समूह शाळे'ची योजना पुढे आली, तेव्हा हा क्रम उलटला. आता वाडी नांदती राहून शाळा जाऊ शकते. चार मुलांच्या वर्गात शिक्षणास मर्यादा पडतात, हा शासनाचा युक्तिवाद पोकळ नाही. पण तो पट ही जणू वाडीची स्थिर राशी आहे असे गृहीत धरतो, आणि कादंबरी नेमके तेच नाकारते. पाऊस, चारा आणि कारभाऱ्याचा शब्द यांबरोबर तेथील पट चढतो-उतरतो. बीडकडील ऊसतोडीच्या गावांत आजही हेच घडते. फडावर गेलेल्या कुटुंबांची मुले माघात शाळेत दिसत नाहीत, म्हणून ती गावची नाहीत असे कोणी म्हणणार नाही.

बंद झालेल्या शाळांचे हजेरीपट, दाखल-खारिज रजिस्टरे आणि शेरेबुके नव्या शाळेच्या कपाटांत गहाळ होण्यापूर्वी आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी तरी तपासावीत. या चढ-उताराचा लेखी पुरावा असला तर तो तेथेच असणार.