वेगवान कॅमेऱ्याची उपमा : किती उपयोगी, किती फसवी?

अहमद झेवैल यांना १९९९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा पारितोषिकाच्या पत्रकातच त्यांच्या तंत्राला जगातील सर्वांत वेगवान कॅमेऱ्याची उपमा दिलेली होती. वर्गात आपणही ती वापरतो आणि मुलांना ती चटकन पटते. पण एखाद्या मुलीने ‘सर, त्या कॅमेऱ्याचे शटर इतक्या लवकर उघडते तरी कसे?’ असे विचारले, की आपली पंचाईत होते. कारण असे यांत्रिक शटर तिथे नसतेच.

अनुस्फुरणाचे, म्हणजेच फ्लुओरेसन्सचे, उदाहरण घेऊ. कूमरिन ३४३ या रंगद्रव्याच्या रेणूने प्रकाश शोषला की त्यातील विद्युतभाराची मांडणी एकदम बदलते. भोवतालचे पाण्याचे रेणू तिच्याशी जुळवून घेतात आणि बाहेर पडणारा प्रकाश तांबड्या रंगाकडे सरकू लागतो. हे सरकणे मोजले, की पाणी किती चपळ आहे ते कळते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ग्रॅहॅम फ्लेमिंग आणि सहकाऱ्यांनी प्रयोग व संगणकीय गणित यांच्या जोडीने दाखवले, की या प्रतिसादाचा मोठा वाटा ५० फेम्टोसेकंदांच्या आतच उरकतो. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा आणि त्यातील एका भागाचे पुन्हा शंभर कोटी. त्यातला एक भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद. फोटोमल्टिप्लायर नळीला इतके जलद बदल टिपता येत नाहीत.

मग मोजतात कसे? लेसरच्या एका स्पंदाचे दोन भाग करतात. पहिला द्रावणाला उत्तेजित करतो. द्रावणातून निघालेला प्रकाश एका विशिष्ट स्फटिकावर एकवटतात. दुसरा भाग सरकत्या आरशावरून, थोड्या लांबच्या वाटेने त्याच स्फटिकात येतो. दोन्ही एकाच क्षणी तिथे असतील तरच, दोघांच्या वारंवारतांच्या बेरजेइतक्या वारंवारतेचा नवा प्रकाश तयार होतो. मंद नळीने हा नवा प्रकाश फक्त मोजायचा. आरसा १५ मायक्रोमीटर मागे घेतला की जाऊन-येऊन वाट ३० मायक्रोमीटरने वाढते आणि स्पंद १०० फेम्टोसेकंद उशिरा पोहोचतो. म्हणजे काळ मोजला जातो तो अंतराने! मार आणि हिर्श यांनी ही युक्ती १९७५ साली मांडली. झेवैल यांच्या प्रयोगांत दुसरा स्पंद रेणूंचीच पुढची अवस्था तपासतो. पण उशीर घडवण्याचे तत्त्व हेच.

आता कॅमेऱ्याची उपमा तपासू. कॅमेरा एका प्रसंगाचे चित्र घेतो. इथे आलेखावरचा एक बिंदू मिळवायला असंख्य रेणूंवर तोच प्रयोग पुनःपुन्हा करावा लागतो; अशा लेसरमधून सेकंदाला सुमारे ८ कोटी स्पंद निघू शकतात. हाती येते ती सरासरी. शिवाय दिसतो तो रेणू नव्हे, तर प्रकाशाच्या तीव्रतेचा आलेख. पाण्याचे रेणू वळले हा त्या आलेखावरून काढलेला निष्कर्ष आहे. ‘शास्त्रज्ञांनी रेणू हलताना पाहिले’ असे सांगताना आपण नेमका हा तर्क गाळतो, आणि विज्ञानाचा गाभा तर तोच!

त्याऐवजी शाळेचे फाटक घ्यावे. घंटा होताच मुले धावत सुटतात. आज घंटेनंतर १० सेकंदांनी फाटक क्षणभरच उघडून, त्या क्षणी बाहेर पडलेली मुले मोजायची. उद्या ११ सेकंदांनी, परवा १२. महिनाभरात मुले सुटण्याचा आलेख तयार होईल. मोजणाऱ्याला धावता येण्याची गरज नाही. घंटा आणि फाटक यांतले अंतर नेमके हवे. उपमा हीही अपुरीच, कारण रोज मुले सारखीच धावतील हे गृहीत धरावे लागते. पण ते गृहीतक निदान उघड दिसते.

२०२३चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्याहूनही लहान, अ‍ॅटोसेकंद स्पंदांच्या पद्धतींसाठी मिळाले. वर्गात कॅमेरा अवश्य आणावा; पण पुढच्याच वाक्यात आरसा किती सरकवायचा, हे गणित फळ्यावर मांडावे. प्रकाशाचा वेग मुलांना ठाऊक असतोच.