फूल की दोन पानं

'डेरी गर्ल्स'च्या दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात दोन फळे आहेत. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातल्या कॅथलिक मुलींना एका प्रोटेस्टंट शाळेतल्या मुलांसोबत वीकेंडच्या शिबिराला नेलंय. मैत्री व्हावी म्हणून फादर विचारतात, तुमच्यात सारखं काय आहे, सांगा बरं. कुणालाच काही सुचत नाही. फरक मात्र भराभर येतात. टोस्टर कपाटात कोण ठेवतं, पुतळ्यांचं वेड कुणाला, असले. एक फळा गच्च भरतो आणि दुसरा कोरा राहतो.

मी हा भाग तीनदा पाहिलाय. पहिल्यांदा नुसता हसलो. दुसऱ्यांदा सातपूर आठवलं. आमच्याकडे एमआयडीसीमुळे खानदेशापासून बिहारपर्यंतची माणसं येऊन राहिली, पण खोली भाड्याने देताना पहिला प्रश्न अजूनही 'पूर्ण नाव सांगा' हाच असतो. पूर्ण नाव म्हणजे आडनाव, आणि आडनाव म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्यांदा पाहिला तेव्हा शेजारी माझा रूममेट होता. तो पेडण्याचा, म्हणजे उत्तर गोव्यातला. भाग संपल्यावर तो म्हणाला, "आमच्याकडे हे मतपत्रिकेवर झालं होतं. फूल आणि दोन पानं."

मला काहीच माहीत नव्हतं. बेळगाव, कारवार, निपाणी मला पाठ आहे. 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणाही पाठ आहे. पण गोवा महाराष्ट्रात यावा की नाही यावर मतदान झालं होतं आणि आपण ते हरलो होतो, हे इंजिनिअरिंगची डिग्री घेऊन नोकरीला लागेपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. काकांना फोन केला तर त्यांना एका वाक्यात माहीत होतं: "गोवा आपलाच होता रे, ख्रिश्चनांनी घालवला."

हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. 'डेरी गर्ल्स'बद्दलही आहे, कारण तिची सगळ्यात चांगली आणि सगळ्यात कच्ची बाजू मला त्या वाक्यामुळे दिसली.

आधी हकिगत. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. त्यांना विलीनीकरण हवं होतं. विरोधात डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष होता. विधानसभेत ठराव करून विषय संपवता आला असता, पण शेवटी थेट लोकांना विचारायचं ठरलं. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून बांदोडकर सरकारने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. विलीनीकरणाला फूल, वेगळ्या संघप्रदेशाला दोन पानं. (कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात तोही फुलाच्या कळ्या-पाकळ्यांनीच. हे चिन्ह ठरवताना कुणाच्या डोक्यात तसलं काही होतं का, कोण जाणे.) दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१.

आता काकांचं वाक्य. तेव्हाच्या गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांच्या आत होती. दोन पानांना ५४ टक्के मतं पडली. अगदी एकूण एक कॅथलिक माणसाने दोन पानांवर शिक्का मारला असं धरलं, तरी हिशोब पुरा होत नाही. ढोबळमानाने दर चार हिंदूंपैकी एकाने तरी महाराष्ट्राला नको म्हटल्याशिवाय हा आकडा येत नाही. म्हणजे निकाल फिरवला तो या चौथ्या हिंदूने. काकांच्या वाक्यात तो कुठेच नाही, कारण तो तिथे आला की 'आपला' हा शब्द अडखळतो.

हा चौथा माणूस कोण होता? त्याच्यापर्यंत पोचलेला प्रचार बराचसा मराठीत होता. मडगावचं 'राष्ट्रमत' हे मराठी दैनिक विलीनीकरणाच्या विरोधातलं मुख्य हत्यार होतं. चंद्रकांत केणी त्याचे संपादक, आणि उदय भेंब्रे त्यात 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहायचे. मराठीत शिकलेल्या, मराठी वाचणाऱ्या माणसाला मराठीतूनच सांगितलं जात होतं की तुझी भाषा कोकणी आहे आणि तुझं घर वेगळं आहे. मुंबईतून येणाऱ्या प्रतिनियुक्तीवरच्या अधिकाऱ्यांचा राग होता. महाराष्ट्रातल्या दारूबंदीची भीती होती, कारण माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांचं पोट त्यावर होतं. उल्हास बुयांव यांचा आवाज आणि मनोहरराय सरदेसाय यांची कविता गावोगाव फिरत होती. यात धर्म होताच, नव्हता असं म्हणणं खोटं ठरेल. सासष्टीत मतं कशी पडली आणि पेडण्यात कशी, हे पाहिलं की धर्म दिसतो. पण तेवढाच पाहिला तर बाकी सगळं पुसलं जातं.

फुलाच्या बाजूचंही तसंच. पेडणे, डिचोली, सत्तरी इथल्या कुळांना आणि मुंडकारांना महाराष्ट्र का हवा होता? मराठीचं प्रेम होतं; भजनं, नाटकं, पोथ्या सगळं मराठीत होतं. पण महाराष्ट्रात कूळकायदा होता आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणारा जमिनीचा मालक ठरला होता, हेही होतं. दुसऱ्याच्या भाटात झोपडी बांधून राहणाऱ्या माणसाला भाटकार कॅथलिक आहे की सारस्वत याने काय फरक पडणार? त्याला विलीनीकरण म्हणजे सातबारा दिसत होता. बांदोडकर स्वतः खाणमालक, पण गोमंतक मराठा समाजातले. बहुजनांनी त्यांना भाऊ मानलं ते उगीच नाही. गोव्यात कसेल त्याची जमीन हे कायद्याने यायला १९७६ उजाडलं.

डेरीची गोष्टही घरापासूनच सुरू होते, हे मालिका पाहून कळत नाही. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी करताना उत्तरेचे सहा परगणे असे कापले की तिथे प्रोटेस्टंट बहुसंख्य राहावेत. डेरी शहरात मात्र कॅथलिक जास्त होते. तरी नगरपालिका युनियनिस्टांकडेच राहायची, कारण वॉर्ड तसे आखले होते आणि स्थानिक मत घर असणाऱ्यालाच होतं. घर दिलं की मत द्यावं लागतं, म्हणून कॅथलिकांना सरकारी घरं देताना हात आखडता. १९६८ मध्ये लोक रस्त्यावर आले ते घर आणि मत मागायला. पोपचं राज्य मागायला नव्हे. त्यानंतर तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. बातम्यांमध्ये त्याला एकच नाव मिळालं: कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट.

लिसा मॅगी या लेखिकेचं मोठेपण असं की तिने बॉम्बच्या बातमीलाही घरातल्या कटकटीइतकीच जागा दिली. पुलावर बॉम्ब सापडला म्हणून आईला चिंता कसली, तर आता शाळा बुडणार आणि पोरं दिवसभर घरात. बारा जुलैच्या प्रोटेस्टंट मिरवणुका टाळायला सगळं कुटुंब गाडी काढून पळतं, आणि प्रवासात भांडतं भलत्याच गोष्टींवर. दंगलीच्या दिवसांत मोठ्या झालेल्या नाशिककर मुलांना हे लगेच कळेल. कर्फ्यू म्हणजे परीक्षा पुढे ढकलली, हाच पहिला अर्थ असतो.

पण शेवटचा भाग पुन्हा पाहा. १९९८ च्या गुड फ्रायडे कराराची प्रत घरोघरी आली आहे. २२ मे ला सार्वमत आहे. खरा वाद कुठे होतो? एरिन आणि मिशेल या दोन कॅथलिक मैत्रिणींमध्ये. मिशेलचा भाऊ खुनासाठी तुरुंगात आहे आणि करार झाला तर तो सुटेल. फार चांगला प्रसंग आहे. तरी एक प्रश्न उरतो. उत्तरेत ७१ टक्के लोकांनी होय म्हटलं. नाही म्हणणारे उरलेले बहुतेक प्रोटेस्टंट होते. ते कुणाच्या जेवणाच्या टेबलावर बसून काय बोलत होते? तीन सीझनमध्ये एकाही प्रोटेस्टंट घराच्या स्वयंपाकघरात कॅमेरा जात नाही. ती मुलं शिबिरात येतात, विनोद होतात आणि जातात. फळा विनोदाने कोरा ठेवणं वेगळं, आणि लेखिकेने स्वतःच तो कोरा सोडणं वेगळं.

ॲना बर्न्सच्या 'मिल्कमन'ला २०१८ चं बुकर मिळालं. तिने यातून निराळी वाट काढली. कादंबरीत कुणालाच नाव नाही, शहरालाही नाही. नाव उच्चारलं की बाजू कळते; डेरी म्हणालात तर एक, लंडनडेरी म्हणालात तर दुसरी. बेळगाव आणि बेळगावी यांच्यात फिरलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. वाचायला जड आहे, फोनवर तर फारच. पण दोन्ही बाजूंच्या दडपणाची जातकुळी एकच आहे, हे त्या निनावीपणामुळे दिसतं. 'डेरी गर्ल्स'मध्ये ते दिसत नाही.

आणि गोव्याची गोष्ट सांगणारे? आता १६ जानेवारी 'अस्मिताय दीस' म्हणून साजरा होतो. रूममेटच्या फॅमिली ग्रुपवर त्या दिवशी शुभेच्छांचे फोटो येतात. त्यात १,७२,१९१ असतात, १,३८,१७० नसतात. विजयाच्या या कथेत फूलवाले एक तर भोळे असतात किंवा मुंबईचे हस्तक. हे काकांच्या वाक्याचंच उलटं रूप आहे. जिंकलेल्यांमध्येही सगळ्यांना सारखं मिळालं नाही. १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली ती देवनागरी लिपीतली. सासष्टीच्या ज्या कॅथलिक घरांनी दोन पानांवर भरभरून शिक्के मारले, त्यांची कोकणी रोमी लिपीत होती. त्यांची तियात्रं, पत्रं, प्रार्थना सगळं रोमीत. ती लिपी कायद्याच्या बाहेर राहिली.

या दोन्ही कथा ज्याच्यावर अडतात तो तपशील असा. कौलानंतर अडीच महिनेही झाले नव्हते, मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. त्याच मतदारांनी बांदोडकरांचा पक्ष पुन्हा निवडून दिला, तीसपैकी सोळा जागा. महाराष्ट्र नको, पण भाऊ हवेत. हे लोक फसलेही नव्हते आणि कुणाच्या धर्माच्या मागेही गेले नव्हते. त्यांनी दोन प्रश्नांची दोन उत्तरं दिली होती.

तुलना करायची तर १९७३ ची करा. ८ मार्चला उत्तर आयर्लंडमध्ये सीमेवर मतदान झालं: ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडमध्ये जायचं. कॅथलिक राष्ट्रवाद्यांनी बहिष्कार घातला. जवळपास ९९ टक्के मतं ब्रिटनला पडली आणि त्या आकड्याने काहीही सुटलं नाही. गोव्यात हरणारेही मतदानाला गेले, हरले, आणि लगेच निवडणूक लढवायला उभे राहिले. आज तिकडे पुन्हा एकीकरणाच्या मतदानाची चर्चा आहे. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक पार्श्वभूमीचे ४५.७ टक्के, प्रोटेस्टंट ४३.५ टक्के निघाले. लगेच लोकांनी बेरजा सुरू केल्या, जणू प्रत्येक कॅथलिक हे एक ठरलेलं मत आहे. त्या बेरजा करणाऱ्यांना गोव्यातला तो चौथा माणूस भेटायला हवा.

मला मराठीत अशी मालिका पाहायची आहे, आणि ती पेडण्यातल्या फूलवाल्या घरात घडायला हवी. हरलेल्या घरात. निकालाच्या दिवशी तिथे चुलीपुढे काय बोलणं झालं, शेजारच्या दोन पानांच्या घरातून फटाके ऐकू आले का, दुसऱ्या दिवशी दोघी विहिरीवर भेटल्या तेव्हा आधी कोण बोललं. 'डेरी गर्ल्स'मध्ये आजोबा नातीला घेऊन मतदानाच्या खोलीत जातात, त्यांच्या तोंडावर कॅमेरा थांबतो. तसा एक शॉट.

मी हे रूममेटला सांगितलं. त्याचे आजोबा पक्के फूलवाले. मरेपर्यंत सांगायचे, आपण कुठे शिक्का मारला ते. "आणि आजी?" मी विचारलं. तो जरा वेळ फोनकडे बघत बसला. आजी माहेरची मडगावकडची. मतदानाला ती एकटी गेली होती, एवढंच घरात सांगतात. काय केलं ते तिला कुणी विचारलं नाही.