गर्दीत तापणारी गाडी

१९६७ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ‘द प्रिझनर’ ही सतरा भागांची मालिका आली. नोकरीचा राजीनामा देऊन घरी परतलेल्या एका गुप्तहेराला बेशुद्ध करून कुठल्याशा ‘गावा’त नेऊन ठेवतात. त्या गावात कुणाला नाव नाही, प्रत्येकाला आकडा आहे. हा सहा नंबर. राजीनामा का दिला एवढंच त्यांना त्याच्याकडून काढून घ्यायचं असतं, आणि तेवढंच तो सांगत नाही. या मालिकेच्या राजकीय आणि मानसशास्त्रीय अर्थांवर आजवर भरपूर खल झालेला आहे. मला मात्र तिच्यातल्या ‘मेनी हॅपी रिटर्न्स’ या भागातला मिनिटभराचा एक संवाद पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो. दोन माणसं, एक घरी जोडलेली उघडी स्पोर्ट्स कार आणि त्या कारच्या इंजिनाविषयी एक तक्रार, इतकाच त्याचा ऐवज. हा भाग अँथनी स्कीननं लिहिला. दिग्दर्शक म्हणून जोसेफ सर्फ असं नाव येतं, पण ते प्रमुख भूमिका करणाऱ्या पॅट्रिक मॅगूहननं घेतलेलं टोपणनाव.

संवादाआधी काय घडतं ते पाहायला हवं, कारण त्याचं वजन तिथून येतं. सहा नंबर सकाळी उठतो तर गाव ओस पडलेलं. पाणी नाही, वीज नाही, माणूस नाही. तो झाडं तोडतो, तराफा बांधतो, लाउडस्पीकरमधलं चुंबक काढून होकायंत्र तयार करतो आणि समुद्रात निघतो. भागाचा बराच मोठा हिस्सा कुणी त्याच्याशी समजेल असं एक वाक्यही बोलत नाही. आपण पाहत राहतो ते फक्त त्याचे हात. ते गाठी मारतात, कापतात, मोजतात. शेवटी इंग्लंडच्या किनाऱ्याला लागून तो लंडनमधल्या आपल्या जुन्या घराशी पोचतो. मोलकरीण दार लावून घेते. तेवढ्यात रस्त्याच्या टोकाकडून ओळखीचा आवाज येतो. त्याचीच लोटस सेव्हन, आणि चालवायला एक अनोळखी बाई. मिसेस बटरवर्थ.

तो तिला गाडीचा नंबर सांगतो : केएआर १२० सी. मग इंजिनाचा नंबर, अक्षरांसकट. मग म्हणतो की हिचा नट न् बोल्ट मला ठाऊक आहे, ही मी माझ्या हातांनी बांधली. बाई खूश होते. म्हणते, मग तुम्हीच मला हवे होतात. ट्रॅफिकमध्ये ही फार गरम होते, काही उपाय सांगाल का?

पहिली गंमत उघड आहे, तरी ती सहज निसटते. आपण आकडा नाही, माणूस आहोत, असं मालिकाभर ओरडून सांगणारा हा गृहस्थ स्वतःची ओळख पटवायची वेळ आली की आकडे म्हणून दाखवतो. त्याच्याकडे ना कागद, ना चावी, ना शेजाऱ्याची साक्ष. उरलेत दोन नंबर. इंजिनाचा नंबर पाठ असणं कुणाला नाटकी वाटेल, पण घरी गाडी जोडणाऱ्याला तो नंबर भेटतोच. ब्लॉक पुसताना ठशातली अक्षरं बोटाखालून जातात आणि नोंदणीच्या कागदावर तीच पुन्हा लिहावी लागतात. गावानं दिलेला आकडा त्याच्यावर चिकटवलेला होता. हा त्यानं स्वतः वाचून घेतलेला आहे.

‘नट न् बोल्ट’ ही मात्र किंचित बढाई. लोटस सेव्हन १९५७ साली आली आणि तिच्या खपाचं एक मोठं कारण ब्रिटनचा तेव्हाचा खरेदी कर होता. तयार गाडीवर तो लागे, सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. म्हणून कारखाना गाडी खोक्यांतून विकायचा आणि गिऱ्हाईक ती घरच्या गॅरेजमध्ये जोडायचं. जोडणीच्या सूचना दिल्या तर सवलत जाते, म्हणून लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन यानं गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना दिल्या आणि लोकांनी त्या उलट्या क्रमानं वाचल्या, अशी एक हकीकत सेव्हनवाले अजून रंगवून सांगतात. तर सांगायचं असं की चॅसी वेल्ड होऊन येई आणि फोर्डचं इंजिन बहुधा जुळलेलं असे. तरीही ‘मी बांधली’ म्हणणाऱ्याला कुणी टोकू नये. बोल्ट त्यानं आवळलेत, ब्रेकमधली हवा त्यानं काढलीय, आणि पहिल्यांदा चावी फिरवल्यावर इंजिन गप्प राहिलं तेव्हा समोर तो एकटाच उभा होता.

आता तक्रारीकडे. बाई नुसतं ‘गाडी गरम होते’ म्हणाली असती तर ते वाक्य वाया गेलं असतं. ती ‘ट्रॅफिकमध्ये’ म्हणते, आणि त्या एका शब्दात निम्मं निदान आहे. मोकळ्या रस्त्यावर, वेगात असताना काटा चढत असेल तर संशय पाण्यावर जातो : रेडिएटर आतून चोंदलेला, पंप थकलेला, थर्मोस्टॅट अडकलेला, किंवा देव न करो, हेड गॅस्केट गेलेलं. उभ्या गाडीत काटा चढतो आणि चालू लागल्यावर उतरतो, तेव्हा पाणी फिरतंय, कमी पडतेय ती हवा. सेव्हनच्या बाबतीत हे जन्मजात आहे. तिचं नाक बुटकं आणि अरुंद. रेडिएटर त्या नाकात खाली बसवलेला. गाडी पळत असली की समोरून येणारा वाराच त्याला गार ठेवतो. सिग्नलला थांबली की वारा थांबतो, आणि बॉनेटखालच्या चिंचोळ्या जागेत इंजिन स्वतःच्याच उष्णतेत बसून राहतं.

चांगला मेकॅनिक इथे लगेच नवा रेडिएटर सांगत नाही. आधी तो नाकाच्या तोंडात डोकावतो. तोंड आणि रेडिएटर यांच्यात फट असेल तर येणारी हवा जाळीतून न जाता बाजूनं पळते; फट पत्र्यानं किंवा फोमनं बंद केली तरी फरक पडतो. मग इग्निशनचं टायमिंग, कारण ठिणगी उशिरा पडली की जादा उष्णता डोक्यात आणि एक्झॉस्टमध्ये साठते. मग हवेचा बुडबुडा. रेडिएटर इंजिनाच्या डोक्याहून खाली असला की पाणी भरताना हवा वरच्या कोपऱ्यात अडकते आणि पाणी भरलंय असं वाटूनही तिथं कोरडं राहतं. यावरचा उपाय साधा आहे. पुढची बाजू जॅकवर उंच उचलायची, म्हणजे भरायचं तोंड सगळ्यांत वर येतं, आणि सावकाश भरायचं. एवढं करूनही भागलं नाही तर विजेचा पंखा.

पण पंख्याची एक गोम आहे. त्या काळच्या गाड्यांत अल्टरनेटर नव्हता, डायनामो होता, आणि इंजिन आयडलला असताना डायनामो जवळपास काहीच वीज देत नाही. म्हणजे पंख्याची गरज लागते नेमकी तेव्हा, जेव्हा त्याला चालवायला बॅटरीशिवाय दुसरं कुणी नसतं. त्यात संध्याकाळची वेळ, दिवे लागलेले आणि वर पाऊस. गाडी गरम होत नाही, पण पुढच्या वेळी स्टार्टही होत नाही. एक बिघाड मिटवताना तो दुसरीकडे सरकवला तर नाही ना, हे घरी गाडी बांधणाऱ्यानं स्वतःला सतत विचारावं लागतं. तयार गाडीत हा विचार दुसऱ्या कुणीतरी आधीच केलेला असतो.

इथे मला थोडं संवादाबाहेर जाऊन गाडीच्या रचनेविषयी बोलायचं आहे. चॅपमन शिक्षणानं स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि त्याची शैली अल्पाक्षरी. जमेल तिथे एकाच भागाकडून दोन कामं करून घ्यायची. सेव्हनच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये अँटिरोल बार हाच वरच्या विशबोनचा अर्धा हिस्सा असतो. बाजूचा ॲल्युमिनिअमचा पत्रा केवळ झाकण नाही. नळ्यांना रिव्हेट केलेला तो पत्रा चॅसीला ताठपणा देतो. आपल्या काव्यशास्त्रात याला श्लेष म्हटलं असतं : शब्द एक, अर्थ दोन, आणि दोन्ही एकाच वेळी खरे. पण श्लेष वाचणाऱ्याकडून सावधपणा मागतो. रिव्हेटच्या भोवती काळपट डाग दिसू लागला तर तो धुऊन टाकायचा मळ नव्हे. रिव्हेट सैल होऊन पत्रा नळीवर घासतोय, म्हणजे चॅसीचा एक हिस्सा काम सोडून बसलाय, असं तो डाग सांगतो.

सर्वांत बोलका दोष मागच्या एक्सलचा. पडद्यावरची गाडी सेव्हनच्या दुसऱ्या मालिकेतली. १९६० साली आलेल्या या मालिकेत एक्सल स्टँडर्ड कंपनीच्या साध्या घरगुती मोटारीचा. तो जागेवर धरायला चॅपमननं इंग्रजी ‘ए’च्या आकाराची एक चौकट वापरली. तिचं टोक डिफरन्शियलच्या बुडाशी एका रबरी बुशमध्ये बसतं. एक्सलला आडवं सरकू द्यायचं नाही आणि इंजिनाच्या जोरानं पिळूही द्यायचं नाही, ही दोन्ही कामं तिचीच. सुंदर, हलकी, स्वस्त युक्ती. फक्त त्या बिचाऱ्या एक्सलचं कवच या ओढाताणीसाठी घडवलेलंच नव्हतं. ते वाकू लागलं, सांध्यातून तेल पाझरू लागलं, तेल नेमकं खालच्या रबरी बुशवर टपकलं, तेलानं रबर मऊ पडलं, बुश ढिला झाला आणि मागची चाकं आपल्या मर्जीनं थोडं थोडं वळण घेऊ लागली. चालवणाऱ्याला वाटतं स्टिअरिंग बिघडलं. तो पुढे शोधत बसतो आणि दुखणं मागे असतं.

नुसतं सील बदललं की काही दिवस कोरडं राहतं, मग पुन्हा थेंब. बुश बदलला की तो पुन्हा तेलात भिजतो. कवच वाकतंय कशानं, असं विचारणाऱ्यालाच उपाय सापडतो : कवचाला पट्टी वेल्ड करून बळकटी द्यायची. सेव्हनप्रेमींनी ती वर्षानुवर्षं दिली आहे. संस्कृत काव्यशास्त्रज्ञ विश्वनाथानं ‘साहित्यदर्पणा’त मम्मट या पूर्वसुरीवर आक्षेप घेतला होता, की काव्य दोषरहितच हवं म्हटलं तर काव्य मिळणंच मुश्कील, आणि किड्यानं पोखरलं म्हणून रत्नाचं रत्नपण जात नाही. सेव्हनच्या मालकाला हा वाद शिकवावा लागत नाही. तेलाचा थेंब पुसत पुसत तो त्यात विश्वनाथाच्या बाजूनं मत देतो.

मग स्कीननं एक्सल सोडून इंजिनाचं तापणं का निवडलं? प्रेक्षकाला समजावं हे एक कारण असणारच. उकळणारा रेडिएटर सगळ्यांना ठाऊक असतो, डिफरन्शियलची ‘ए’ चौकट कुणालाच नाही. पण निवड त्यापलीकडेही बरोबर लागते. जवळजवळ प्रत्येक भागाच्या सुरुवातीला हीच गाडी आपल्याला मोकळ्या रस्त्यावरून भरधाव जाताना दिसते, मग लंडनमध्ये, मग भूमिगत पार्किंगमध्ये, राजीनामा द्यायला. धावती असेपर्यंत ठीक, अडवली की तापणारी. लेखकानं हे साम्य एका शब्दानंही दाखवून दिलेलं नाही, आणि दाखवलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

(जाता जाता : शेवटच्या भागात गाडी आणून देणारा माणूस म्हणजे ग्रॅहम निअर्न. सरे परगण्यातल्या केटरहॅम इथला हा विक्रेता पुढे १९७३ साली लोटसकडून सेव्हनचे हक्क घेऊन स्वतःच ती बनवू लागला. पात्रयोजना म्हणावी तर इतकी चोख क्वचितच जमते.)

या सगळ्यानंतर भागाचा शेवट पाहिला की मिसेस बटरवर्थची तक्रार वेगळीच ऐकू येते. ती त्याला जेवू घालते, दिवंगत नवऱ्याचे कपडे देते, गाडीही देते, वाढदिवसाला केक करीन म्हणते. तो आपल्या वरिष्ठांना पटवून विमानानं गाव शोधायला निघतो आणि फसवला जाऊन पुन्हा तिथेच उतरतो. केक घेऊन दारात येते तीच बाई, गावाचा कारभार पाहणारी नवी ‘दोन नंबर’ म्हणून. म्हणजे रस्त्यावरचा तो सगळा संवाद सापळा होता. गाडीचा नंबर, इंजिनाचा नंबर तिला आधीच ठाऊक असणार. त्याला पुरावा देण्याची संधी देऊन झाल्यावर तिनं जे आमिष टाकलं ते पैशाचं नाही, दयेचंही नाही. कित्येक आठवडे एकट्यानं काढलेल्या, सगळ्यांवर संशय घेणाऱ्या माणसाला तिनं त्याच्या गाडीचं दुखणं सांगितलं आणि सल्ला मागितला. अशा प्रश्नापुढे घरी गाडी बांधणारा माणूस पाठ फिरवूच शकत नाही; तो घरात जातो, बसतो, बोलू लागतो. उत्तम चौकशी अधिकारी होती ती. गावातल्या बाकीच्या दोन नंबरांनी विजेच्या यंत्रांनी आणि औषधांनी जे करून पाहिलं, त्याच्या जवळपास ती रेडिएटरच्या एका प्रश्नानं पोचली. आणि गाडी खरोखरच गर्दीत तापत असणार. ती थाप असती तर सहा नंबरनं तिथेच, फुटपाथवर उभ्या उभ्या, ओळखली असती.