खिडकीअलीकडची ती

स्पॅनिश चित्रकार दिएगो वेलास्केस याने सेव्हिल नगरीत सुमारे १६१७-१८ साली रंगविलेले एक चित्र आज डब्लिनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्या वेळी तो जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा होता. चित्रात एक सावळी मोलकरीण मेजावर किंचित वाकून उभी आहे. समोर खलबत्ता, लसणीचा गड्डा, पालथी घातलेली भांडी. भिंतीवर टांगलेली टोपली. स्वयंपाकघरातील वा खानावळीतील अशा साध्या चित्रांना स्पेनमध्ये ‘बोदेगोन’ म्हणतात.

दीर्घकाळ रसिकांना चित्रात एवढेच दिसत होते. १९३३ साली ते स्वच्छ करताना वरच्या रंगाखालून डाव्या बाजूची एक खिडकी प्रकट झाली. तिच्यापलीकडे पुनरुत्थित प्रभू येशू अम्माऊसच्या शिष्यासह भोजनास बसलेले आहेत. चित्राची ती कड कापली गेल्यामुळे दुसऱ्या शिष्याचा केवळ हात उरला आहे.

या शोधानंतर चित्राचा अर्थ सोपा वाटू लागतो: प्रभू भांड्याकुंड्यांतही वावरतो, नम्र सेवा हीच प्रार्थना. हा अर्थ खोटा नाही. परंतु आम्हांला तो अपुरा वाटतो. त्या काळच्या सेव्हिलमध्ये गुलामांची संख्या मोठी होती आणि आफ्रिकी वंशाची ही स्त्री बहुधा त्यांच्यापैकीच असावी. पुढे खुद्द वेलास्केसच्या पदरी हुआन दे पारेखा हा गुलाम होता. त्याच्या मुक्ततेचा दस्तऐवज १६५० साली रोममध्ये झाला. स्वेच्छेने पत्करलेली नम्रता हा सद्गुण खरा, पण लादलेल्या दास्याला आपण तेच नाव देऊ शकत नाही.

चित्रकाराने तिच्याभोवती तेजोवलय रेखाटले नाही, की तिला भोजनाच्या मेजाशीही बसविले नाही. मात्र प्रभूला दूर व लहान ठेवून त्याने सारा प्रकाश तिच्या मुखावर आणि हातांवर टाकला आहे. तिची मान अशी कलली आहे, की ती मागचे बोलणे ऐकत असावी. संत लूकच्या शुभवर्तमानात शिष्य प्रभूला भाकर मोडताना ओळखतात. येथे पाठमोऱ्या मोलकरणीने त्याला केवळ आवाजावरून ओळखले असेल काय?

पवित्र मिस्साबलीत आपण त्याच मेजाशी येतो. भोजन सिद्ध करणारी मात्र खिडकीअलीकडेच उभी असते. तिला आत बोलावण्याचे काम चित्रकाराने आपल्यावर सोपविले आहे, असे आम्ही मानतो.