कोव म्हणजे कोस नव्हे

बहमनी राजवटीतील बीदरविषयी परकीयांनी लिहिलेल्या मोजक्या मजकुरात अफनासी निकितीनच्या प्रवासवृत्ताचे स्थान वेगळे आहे. रशियातील त्वेर शहराचा हा व्यापारी 1470 च्या आगेमागे चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बीदरला आला. तो राजदूत नव्हता वा धर्मप्रचारकही नव्हता. विकण्यासाठी एक घोडा घेऊन आलेला सामान्य माणूस होता. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कला पोहोचण्यापूर्वीच तो वारला. त्याच्या वह्या मात्र 1475 मध्ये मॉस्कोत पोहोचल्या.

हे वृत्त भारतीय वाचकांपर्यंत आले ते मुख्यतः 1857 मध्ये हॅक्लूट सोसायटीने छापलेल्या इंग्रजी भाषांतरातून. साहजिकच मराठीत त्याविषयी लिहिताना आपण इंग्रजीच्या काठीने चालतो. आमच्या मते या वृत्ताचा मराठी अनुवाद ही केवळ शब्दांची अदलाबदल नाही. निकितीनच्या कानावर पडलेले शब्द आपल्याच परिसरातले आहेत. ते परत घेताना अनुवादकाने घाई करू नये.

एक उदाहरण पाहू. निकितीन अंतरे ‘कोव’ या मापाने देतो. मराठी अनुवादकाच्या लेखणीतून तेथे ‘कोस’ उतरण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु बीदरहून कलबुर्गी नऊ कोव आणि आळंदची जत्रा बारा कोव, असे तो सांगतो. ही दोन्ही अंतरे सरळ रेषेत मोजली तरी शंभर किलोमीटरच्या आसपास भरतात. कोस धरला तर बारा कोसांत निम्मी वाटही सरणार नाही. कोव सुमारे दहा वेर्स्तांचा, म्हणजे दहा किलोमीटरांहून थोडा अधिक. कन्नडातील ‘गावुद’ हे लांब पल्ल्याचे जुने माप त्याला अधिक जवळचे आहे. सीमाभागातील वाचकाला ते परके वाटणार नाही. म्हणून ‘कोव’ तसाच ठेवून खाली टीप द्यावी, हे उत्तम.

नावांचेही तसेच. कलबुर्गीचे नाव निकितीनने ‘क’ने आरंभ होणारे लिहिले आहे. अनुवादकाने तेथे ‘गुलबर्गा’ घातले, तर त्या परदेशी कानाची साक्ष पुसली जाते. 2014 मध्ये शासनाने जे नाव अधिकृत केले, त्याचाही आरंभ ‘क’नेच होतो. श्रीशैलाला तो ‘पर्वत’च म्हणतो. हा शब्द आपल्याकडून गेला आणि आपल्याकडे सुखरूप परत आला.

खरी कसोटी याहून पुढे आहे. प्रवासाच्या आरंभीच लुटारूंनी निकितीनची पुस्तके नेली. त्यामुळे ख्रिस्ती सणांचे दिवस त्याला ठरवता येईनात. जुन्नरला घोडा काढून घेऊन त्याच्यावर धर्मांतराची सक्ती झाली. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने तो बचावला. पुढे त्याच्या रशियन लेखणीतून तुर्की, फारसी आणि अरबी शब्द वाहू लागतात. स्त्रियांविषयीच्या काही नोंदी तो या मिश्र भाषेआड ठेवतो, प्रार्थनाही तीतच करतो. शेवटही अरबी प्रार्थनेने होतो. हे सारे एकसुरी शुद्ध मराठीत उतरवले, तर अर्थ पोहोचेल. पण श्रद्धा आणि भाषा दोन्ही हातून निसटत असलेला माणूस हरवेल.

येथे बीदर–कलबुर्गीच्या मराठी माणसाला एक सोय उपलब्ध आहे. भालकी, बसवकल्याण, आळंद या भागांत मराठी, कन्नड आणि दखनी कानावर एकत्र पडतात. मूळ वृत्त मराठीत आणि मिश्र उतारे दखनीत, अशी मांडणी केली तर बाजारात घडलेल्या त्या बोलीला बाजारातलीच बोली भेटेल. दखनीने निकितीन अधिक घरचा होईल, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. पण हा माणूस येथे अंशतः घरचा झाला होता आणि त्याचेच त्याला भय वाटत होते. ते भय मराठीत आणणे हेच अनुवादकाचे पहिले कर्तव्य, असे आम्ही मानतो.